नवी चिनी की जुनी जपानी? पहिली डर्ट बाईक घेण्याआधी

ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये ऑक्टोबर लागला की ऊन जरा माणसात येतं, आणि आमच्या मराठी मित्रमंडळींत दरवर्षी तोच विषय निघतो: डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरायला एखादी दुचाकी घ्यावी का, आणि घ्यायची तर कुठली? यंदा विचारणाऱ्या मित्राचं बजेट ३,००० डॉलर आहे. त्यात दोनच गोष्टी बसतात. एक म्हणजे २,००० च्या आसपास मिळणारी, खोक्यात बंद होऊन येणारी नवीकोरी २२९ सीसीची चिनी गाडी. दुसरी म्हणजे पंधरा-वीस वर्षं वापरलेली जपानी गाडी, यामाहा एक्सटी २२५ किंवा सुझुकी डीआर २०० सारखी. नवी कावासाकी केएलएक्स २३० घ्यायची तर ५,००० च्या आसपास जातात, होंडा सीआरएफ ३०० एल त्याच्याही वर. म्हणून त्या दोघी इथे बाजूलाच ठेवतो.

मी स्वतः पहिला पर्याय घेतला होता. साडेतीन वर्षं झाली, गाडी ३,५०० मैल चालली, म्हणजे सुमारे ५,६०० किलोमीटर, आणि त्यातले बहुतेक खडी, वाळू आणि दगडधोंड्यांतले. माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त चिनी गाडीत पैसे पाण्यात जात नाहीत, पण जी हातात येते ती पुरी झालेली गाडी नसते. कारखान्यात शेवटच्या दिवशी जे काम व्हायला हवं, ते तुमच्या गॅरेजमध्ये व्हायचं राहिलेलं असतं. ते करायची तुमची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.

कुठली चिनी?

‘चिनी माल’ हा शब्द मला आता अपुरा वाटतो. बीएमडब्ल्यूच्या एफ ७५० जीएस आणि एफ ८५० जीएस या गाड्यांची इंजिनं चीनच्या लोन्सिन कंपनीने बनवली. केटीएमची ७९० चीनमधल्या हांगचौला, सीएफमोटो या चिनी कंपनीबरोबरच्या भागीदारीतल्या कारखान्यात तयार होते. २०२३ च्या डकार या वाळवंटातल्या रॅलीत कोवे या चिनी कंपनीने तीन स्वार उतरवले आणि तिघंही शेवटपर्यंत पोचले. डकारमध्ये नुसतं पोचणं किती अवघड असतं, हे त्या रॅलीकडे डोळे लावून बसणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आणि ज्या सीआरएफ ३०० एलला आपण ‘जपानी’ म्हणतो, ती थायलंडमध्ये बनते.

एका मित्राची सीएफमोटो ४५० एमटी मी दिवसभर चालवली आहे. ४४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, केवायबी या जपानी कंपनीचे शॉकअप, पुढे २१ आणि मागे १८ इंची चाकं, साडेसतरा लिटरची टाकी. बोल्टला हात लावला तर प्रत्येक बोल्ट जिथल्या तिथे घट्ट, वायरिंगच्या जोडण्या बंदिस्त, प्लॅस्टिकच्या दोन तुकड्यांमधली फट सगळीकडे सारखी. तिची इथली किंमत साडेसहा हजारांच्या आसपास. तिच्यात आणि माझ्या गाडीत देश एक आहे, एवढंच साम्य. चीनमधले कारखाने उत्तम काम करू शकतात. दोन हजारांच्या गाडीत त्या कामाचे पैसे कोणी भरलेले नसतात, इतकं साधं आहे.

खोकं उघडल्यावर

माझी गाडी पोलादी चौकटीच्या खोक्यात आली. पुढचं चाक, हँडल, मडगार्ड आणि बॅटरी मलाच बसवायची होती. दोन तासांचं काम म्हणून सुरुवात केली, तर ते तीन शनिवार-रविवार चाललं, आणि ते चाललं म्हणूनच ही गाडी आज धावते आहे.

हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) उघडला तर छर्ऱ्यांवर ग्रीसचा नुसता पुसट थर होता. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, मुख्य बोल्ट काढला, तो कोरडा ठणठणीत. मागच्या चाकाचे आरे स्क्रूड्रायव्हरने वाजवून पाहिले: घट्ट आरा खणखणतो, सैल असेल तर बद्द वाजतो. छत्तीसपैकी नऊ आरे बद्द वाजले. इंजिन चेसिसला धरणाऱ्या बोल्टांपैकी दोन मी बोटांनी फिरवू शकलो. सायलेन्सरचा एक बोल्ट हवा तेवढा आवळला जायच्या आधीच पिळला गेला आणि त्याचे आटे गेले. त्याच्या डोक्यावर कुठलाच आकडा नव्हता. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा दर्जा कोरलेला असतो. दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून मूठभर ८.८ चे बोल्ट आणले, सगळीकडे निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद) लावलं आणि टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते सांगणारा पाना) हातात धरून पुढून मागे एकेक बोल्ट पुन्हा आवळला.

चेन पहिल्या ३०० मैलांत इतकी ताणली गेली, की ती आवळायच्या ॲडजस्टरला पुढे जागाच उरली नाही. तिच्या जागी ओ-रिंगवाली (रबरी कड्यांनी आतलं ग्रीस टिकवणारी) चेन घातली. कार्बोरेटर प्रदूषणाच्या नियमात बसावा म्हणून पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा बेताने लावलेला होता. गाडी थंडीत सुरू व्हायला कुरकुरायची, ॲक्सिलरेटर पटकन दिला की दम घ्यायची. पेट्रोल सोडणारे जेट बदलल्यावर ते दुखणं गेलं.

एवढं करूनही एक गोष्ट निसटली. नवव्या आठवड्यात डोंगरातल्या क्राउन किंग गावाच्या रस्त्यावर, क्लीटर हे गाव सोडून वर चढताना, गाडी एकदम बंद पडली. ना दिवा, ना हॉर्न. मोबाईलला रेंज नव्हती. टाकी उतरवली तेव्हा दिसलं: हँडल वळवलं की वायरिंगचा जुडगा चेसिसच्या मानेवर घासत होता. आवरण सोलून तांबं उघडं पडलं होतं आणि फ्यूज उडाला होता. टूलबॅगेत चिकटपट्टी आणि जादा फ्यूज होता म्हणून संध्याकाळच्या आत घरी आलो. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो: टाकी काढा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि वायर कुठे ताणते, कुठे घासते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

इंजिन मात्र खणखणीत

या सगळ्यात इंजिनाने मला एकदाही दगा दिला नाही, आणि याला कारण आहे. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन होंडाच्या सीजी १२५ च्या कुळातलं असतं. होंडाने ते सत्तरच्या दशकात आणलं. जिथे रस्ते वाईट आणि देखभाल त्याहून वाईट, अशा देशांसाठी ते मुद्दाम साधं ठेवलेलं होतं. व्हॉल्व्ह पुशरॉडने (खालून ढकलणाऱ्या दांड्यांनी) उघडतात, त्यामुळे वर टायमिंग चेन नाही आणि ती सैल पडण्याची भानगडही नाही. चिनी कारखान्यांनी तेच इंजिन वर्षानुवर्षं बनवत २२९ सीसीपर्यंत वाढवलं. इतकी वर्षं एकच गोष्ट करत राहिलं, की हात बसतोच. टॅपेट सेटिंगला (व्हॉल्व्हची फट लावायला) स्क्रूड्रायव्हर, पाना आणि फट मोजायचं फीलर गेज पुरतं; माझ्या मुलीने बारा वर्षांची असताना ते माझ्याबरोबर केलं आहे. पहिलं ऑइल मात्र ५० मैलांतच बदला. माझ्या गाडीतून जे निघालं, त्यात धातूची चांदीसारखी चमक होती. दुसऱ्या खेपेला ती कमी झाली, तिसऱ्या खेपेला उरलीच नाही.

जुनी जपानी

माझ्या शेजारच्या गल्लीतल्या मित्राने त्याच सुमारास २००६ ची एक्सटी २२५ घेतली. (ही गाडी अमेरिकेत २००७ पर्यंत आली, पुढच्या वर्षी तिच्या जागी एक्सटी २५० आली.) आम्ही दोन्ही गाड्या एकाच गॅरेजमध्ये शेजारी शेजारी उघडल्या. बिल्ड क्वालिटी म्हणजे काय, ते मला त्या दिवशी हाताला कळलं. तिचे बोल्ट इतक्या वर्षांनंतरही आट्यांत लोण्यासारखे फिरत होते. वेल्डिंगची रेघ सारख्या जाडीची, कडेला धातू खाल्ला गेलेला नाही, आजूबाजूला उडालेले थेंब नाहीत. माझ्या गाडीत मानेपाशी वेल्डिंग चांगलं होतं, पण फूटरेस्टच्या पट्टीवर बारीक छिद्रं दिसत होती. इंजिनाचे दोन अर्धे जिथे जुळतात, ती कड तिच्यात कोरडी होती. माझ्यात दुसऱ्या वर्षी तिथे ऑइल झिरपू लागलं.

पण जुन्या गाडीला वय असतं, आणि ॲरिझोनाचं ऊन ते वय दुप्पट करतं. तिचे टायर वरून नवे दिसत होते. बाजूचा चार आकडी शिक्का वाचला, तर त्यातले शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. टायर अकरा वर्षांचे निघाले. फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपची, सीलं गळत होती. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर होता. आधीच्या मालकाने एअर फिल्टर किती वर्षं बदलला नव्हता, कोण जाणे. चिनी गाडीची बहुतेक दुखणी खोकं उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत समोर येतात. जुन्या गाडीची आधीच्या मालकाच्या स्वभावात लपलेली असतात.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात: माझं वजन ८४ किलो, आणि माझ्या गाडीचा मूळचा मागचा शॉकअप माझ्यासाठी कुचकामी होता. जुन्या यामाहाचाही फार चांगला नव्हता, पण उडी मारून खाली आली की ती शांत व्हायची. माझी आणखी दोनदा उसळायची.

हिशेब

माझी गाडी घरपोच २,०५० डॉलरला पडली. त्यावर चेन आणि स्प्रॉकेट ९०, टायर १४०, कार्बोरेटर ३५, बॅटरी ४०, बोल्ट-ऑइल-ब्रेक फ्लुइड वगैरे ७५. एकूण २,४३०. यामाहावाल्या मित्राने २,७०० ला गाडी घेतली, वर ४०० घातले, म्हणजे ३,१००. आज मी विकायला काढली तर ९०० च्या वर कोणी बोलत नाही. त्याला अजून २,५०० ची मागणी येते. म्हणजे साडेतीन वर्षांचा माझा खर्च १,५३० आणि त्याचा ६००. स्वस्त गाडी मला महाग पडली. मनाला लागणारी गोष्ट आहे, पण आहे ती अशी आहे.

मग चिनी घ्यावीच कशाला? कारण चांगली जुनी गाडी मिळायला महिने जातात. शिवाय माझ्या गाडीवरून पडायला मला कधी भीती वाटली नाही. तिचा एकेक स्क्रू मी खोललेला आहे, आणि डोंगरात ती बंद पडली तरी मी हबकत नाही. हे शिकायचं असेल, तर यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही.

सुटे भाग आणि कागद

इंजिनाचे भाग कुठेही मिळतात, कारण ते कूळच जगभर पसरलेलं आहे. अडतं ते बाकीच्या भागांत: फोर्कच्या नळ्या, टाकी, मीटर, प्लॅस्टिक. विकणारा पुढच्या वर्षी असेल का, हे गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचं आहे. कॅलिफोर्नियातल्या अझुसाची सीएससी कंपनी चीनच्या झोंगशेनची टीटी २५० विकते, तिचे सुटे भाग साठवते आणि दुरुस्तीची माहितीही देते. चिनी गाडीच घ्यायची असेल, तर असा विक्रेता शोधा, मग शे-दोनशे डॉलर जास्त गेले तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट एमसीओची. हा कारखान्याने दिलेला गाडीच्या जन्माचा दाखला. त्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर पुढे रस्त्यासाठी नंबरप्लेट मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. पैसे देण्याआधी त्याचा फोटो मागवा आणि त्यावरचा नंबर चेसिसच्या नंबराशी ताडून बघा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हा हिशेब जसाच्या तसा उचलू नये. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची मान्यता नसलेली गाडी तिकडे नोंदवताच येत नाही, त्यामुळे खोक्यातली चिनी गाडी हा पर्यायच उरत नाही. तिकडे २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २०० आली: २१ इंची पुढचं चाक, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, आणि तालुक्याच्या गावातही ओळखीचा मेकॅनिक. कोकणात राहणाऱ्यांनी तर आऱ्यांच्या निपल (आरे आवळायचे नट) आणि बोल्टांवरचा मुलामा आधी बघावा. माझ्या गाडीचा मुलामा वाळवंटात टिकला, रत्नागिरीच्या एका पावसाळ्यात तो लालभडक झाला असता.

यंदा विचारणाऱ्या मित्राला आठवड्यातून जेमतेम एक सकाळ मोकळी मिळते, आणि पाना हातात धरायची त्याला आवड नाही. त्याला मी जुनी यामाहा बघायला सांगितली आहे. शनिवारी फिनिक्सजवळच्या मेसाला एक गाडी बघायला आम्ही दोघं जाणार आहोत. टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि टायरचा शिक्का वाचायला चष्मा घेतला आहे. विकणाऱ्याला फोनवर एकच विनंती केली आहे, की आम्ही पोचेपर्यंत गाडी सुरू करू नका. इंजिन थंड असताना ते कसं सुरू होतं, ते ऐकायचं आहे.