नऊ हजारांची ‘कागदी स्क्रीन’

मी पुण्यात मराठ्यांच्या इतिहासावर पीएचडी करते. माझं निम्मं वाचन म्हणजे स्कॅन केलेले जुने ग्रंथ आणि त्रैमासिकांचे अंक. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, त्या सुमाराची छपाई. कागद पिवळा, टाइप बारीक, तळटीप त्याहून बारीक. म्हणायला पीडीएफ, पण आत अक्षरं नसतातच, नुसते पानांचे फोटो. एकेक फाइल ३०० एमबीची. रात्री एकपर्यंत लॅपटॉपवर हे वाचलं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

म्हणून ई-इंकचं, म्हणजे मागून उजेड न मारता कागदावरच्या शाईसारखी अक्षरं दाखवणाऱ्या स्क्रीनचं, काहीतरी घ्यायचं ठरवलं. मैत्रिणीचं सहा इंची किंडल वापरून पाहिलं. कादंबरीला झकास, पण ए-फोर आकाराचं पान त्यावर पत्त्याएवढं होऊन बसतं. अक्षर मोठं करायची सोय खऱ्या मजकुराला, फोटोला नाही. नुसतं झूम करून पान सरकवत बसायचं. दहा इंचांच्या पुढची यंत्रं पाहिली आणि किमती बघून मुकाट्यानं बाहेर पडले.

दुसऱ्याच दिवशी इन्स्टाग्रामवर जाहिरात आली. (आपण काय शोधतो ते यांना कसं कळतं, हा वेगळाच विषय.) ‘पेपर डिस्प्ले, डोळ्यांना शून्य त्रास, रिसर्च स्कॉलर्ससाठी खास, १० इंच, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज.’ फोटोत कॉफीचा कप आणि त्याशेजारी अगदी छापील दिसणारं पान. किंमत ९,४९९, आगाऊ यूपीआय केलं तर ५०० कमी. थकलेली फेलोशिप त्याच आठवड्यात जमा झाली होती. भरले पैसे.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. स्क्रीन खरोखर काळी-पांढरी, हाताला जरा खरखरीत, चकाकी अजिबात नाही. मी खूश. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलंसुद्धा. दोन दिवस तर मोठी फाइल उघडली की ॲप बंद पडायचं, त्याचा दोष मी फाइललाच देत होते.

तिसऱ्या दिवशी ते घेऊन वाचनालयात गेले. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक निवृत्त काका येतात, मोडी वाचतात, भिंग कायम खिशात. एका तळटिपेतला शक मी वहीत उतरवत होते. काका वाकून म्हणाले, “बाळ, हा एक आहे की नऊ?”

शके १६१९ की १६९१? मला सांगता येईना. एक राजाराम महाराजांच्या जिंजीच्या दिवसांतला, दुसरा थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतला. मधे ७२ वर्षं. झूम केलं तर आकडा मोठा झाला, स्पष्ट नाही झाला. काकांनी स्क्रीनवरच भिंग धरलं. “हे बघ, लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतायत. कागदावर शाई अशी असते होय?”

तिथे माझ्या पोटात गोळा आला. ई-इंकच्या काळ्या-पांढऱ्या स्क्रीनमध्ये रंगीत ठिपके असायचं कारणच नाही. घरी येऊन एका कोपऱ्यात नख घातलं, तर मॅट गार्ड सोलून निघालं. खाली चकचकीत एलसीडी, साध्या टॅबलेटला असते तशी मागून उजेड देणारी. सेटिंग्जमध्ये खोल कुठेतरी रंग बंद करून ठेवले होते. ते चालू केले आणि माझं ‘पेपर डिस्प्ले’ भाजीच्या दुकानासारखं रंगीबेरंगी झालं.

मग हार्डवेअर तपासणारं फुकटचं ॲप टाकलं. सेटिंग्जच्या पानावर १२ जीबी रॅम लिहिलंय, प्रत्यक्षात २. स्टोरेज ५१२ नाही, ३२. सेटिंग्जचं ते पानच खोटं बनवलेलं. स्क्रीन १२८० बाय ८००. म्हणजे उभी धरली की पानाच्या अख्ख्या रुंदीला ८०० ठिपके (पिक्सेल). दोन रकान्यांचं जर्नल असेल तर एका रकान्याला ४००, त्यात समास धरून. रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ तिथे टिकणार कसे? खऱ्या १०.३ इंची ई-इंकला रुंदीत निदान १,४०४ ठिपके असतात. शिवाय आकार चाराला तीन, कागदाच्या जवळचा. माझा तुकडा लांबुळका, सिनेमासाठी कापलेला. १०.३ इंचांवरही ए-फोर पान पाऊणच होतं. पूर्ण पानाच्या जवळ जायचं तर १३.३ इंच लागतात. हे गणित पट्टी घेऊन आधी केलं असतं तर जाहिरात तिथेच मिटवली असती.

विक्रेत्याला व्हॉट्सॲप केलं. उत्तर मासलेवाईक होतं: “मॅडम, आम्ही ई-इंक कुठे लिहिलंय? पेपर डिस्प्ले लिहिलंय. पेपरसारखा फील आहे ना?” जाहिरात परत वाचली. खरंच, ई-इंक हा शब्द कुठेही नव्हता. तो माझ्या डोक्यात होता. पण रॅमचं काय, विचारल्यावर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. तो मी काढला नव्हता. नंतर निळ्या खुणा यायच्याही बंद झाल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० वर तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक आहेत, पैसे नाहीत. कार्डानं भरले असते तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, तरी मागता आला असता. त्या ५०० रुपयांच्या सुटीचा अर्थ मला तेव्हा लागला.

एका मित्रानं त्याचं खरं ई-इंक दोन दिवस दिलं. बंद केलं तरी चित्र स्क्रीनवर तसंच राहतं, गच्चीवर भर उन्हात उलट जास्त स्वच्छ दिसतं, पान उलटताना क्षणभर काळं लुकलुकतं. एलसीडी यातलं काही करू शकत नाही. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र उघडलं तर ती मागून करडी उजळते, तिथेच पकडायची. पण त्या खऱ्या यंत्रावरही माझी पिवळी पानं राखाडी, मळकट दिसली. कॉन्ट्रास्ट चढवावा लागला, आणि ३०० एमबीच्या फाइलचं पान उलटायला चहा ढवळून होईल एवढा वेळ गेला. म्हणजे महाग घेतलं असतं तरी थोडी फसलेच असते. आता कुठल्याही दुकानात जाते ती पेनड्राइव्हवर ‘शके’वाली फाइल घेऊन. स्क्रीनवर ती तळटीप उघडून द्या म्हणते. बहुतेक सेल्समन वैतागतात.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. पेजचं नाव नवं, कॉफीचा कप तोच, किंमत ८,९९९. खाली कुणीतरी विचारलं होतं, “पीडीएफ नीट वाचता येतात का?” उत्तर होतं, “हो सर, ऑल फाइल्स सपोर्टेड.” मी त्याखाली लिहिलं, “रुंदीला पिक्सेल किती?” दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.