उंचीचा तक्ता दाखवून विकलेली कापीव स्टिक

धोबी तलावच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, त्यातली बहुतेक चोख धंदा करतात. एका दुकानात मात्र 'उंची किती, क्यू किती' असा तक्ता भिंतीवर लावलाय (क्यू म्हणजे स्नूकर खेळायची स्टिक). तो दाखवून आमच्या गळ्यात जे मारलं, ते स्नूकर शिकणाऱ्या पोरांच्या आईबापांना कळावं म्हणून लिहितोय.

पुतण्या पंधरा वर्षांचा, पाच फूट पाच. स्नूकर पार्लरच्या वाकड्या स्टिकांना कंटाळला होता. दुकानदाराने त्याला भिंतीला उभं केलं, टेप लावली, तक्त्यावर बोट ठेवलं. "साहेब, ह्याला चोपन्न इंच. सत्तावन्न दिली तर खांदा धरेल. चोपन्न तयार मिळत नाही, ऑर्डर द्यावी लागते." स्टिक आली. अ‍ॅश लाकडाची, तीन-चतुर्थांश जॉइंटची (म्हणजे पुढची लांब शाफ्ट आणि मागचा आखूड बट असे दोन तुकडे जोडायचे), केससकट ९,५०० रुपये. तशीच नेहमीच्या मापाची तिथेच ७,००० ला होती. वरचे अडीच हजार 'कस्टम'चे.

आधी केस खटकली. बट कप्प्यात घट्ट बसायचा, शाफ्ट मात्र खालीवर सरकत खडखडायची. फोन केला तर म्हणे, फोमचा तुकडा घाला.

मग टोकाची चामड्याची टिप उडाली. दादरच्या पार्लरमधले मार्करकाका (टेबलं सांभाळणारे) टिपा बसवून देतात. त्यांनी डब्यातली १० मिलिमीटरची टिप फेरूलवर, म्हणजे टोकाच्या पितळी टोपीवर ठेवली, तर भोवती पितळेची कड उघडीच. "ही काय पूलची आहे का रे?" असं म्हणत त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. ११ ला जरा कमी. मग स्टिक ट्यूबलाइटखाली धरून फिरवली. फेरूलच्या मागे बोटभर पट्ट्यात वार्निश जास्त चकचकीत, आणि त्याखाली पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे. "पुढून कापलीय. टोक मोडलं असेल, तेवढं उडवून नवं फेरूल ठोकलंय."

हिशेब सरळ आहे. क्यू बटाकडून टोकाकडे निमुळता होत जातो. स्नूकरच्या क्यूचं टोक साधारण साडेनऊ-दहा मिलिमीटरचं असतं. पुढचे तीन-चार इंच उडवले की जाड भाग टोक होतो, आणि शाफ्ट आखूड झाल्याने केसमध्ये खडखडते. वर पुढचं वजन गेल्याने तोल मागे सरकतो आणि नाक हलकं लागतं. पुतण्याचे साधे पॉट (बॉल भोकात घालायचे फटके) का चुकत होते ते तेव्हा कळलं. बिचारा स्वतःलाच दोष देत होता. खरोखर आखूड बनवलेला क्यू टोकाला बारीकच असतो, त्याचा उतारच त्या लांबीत बसवलेला असतो.

आणि मुळात तो तक्ताच थाप आहे. नियमात क्यूला फक्त किमान लांबी दिलीय, तीन फूट. मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण ५७-५८ इंचावर खेळतात. सहा फुटांच्या वरचे कुणी ५९-६० घेतात किंवा मागे छोटं एक्स्टेंशन लावतात. आखूड क्यू खरा लागतो तो लहान पोरांना. पाच फूट पाचचा मुलगा ५७ आरामात वापरतो, आणि हा तर अजून वाढतोय! उंचीपेक्षा हात किती लांब हे जास्त महत्त्वाचं. टेबलावर वाकायचं, टिप पांढऱ्या बॉलजवळ न्यायची. तेव्हा मागच्या हाताचा कोपराखालचा भाग सरळ खाली लोंबला पाहिजे आणि मुठीमागे थोडा बट उरला पाहिजे. हे टेबलावरच कळतं, भिंतीला उभं करून नाही.

दुकानात परत गेलो. "ऑर्डरचा माल परत होत नाही." व्हर्नियरचं माप सांगितलं तर, "उंचीप्रमाणे टिप पण बदलते." हे मात्र ऐकण्यासारखं होतं. बिल मागितलं तेव्हा त्याने कच्चं बिल पुढे केलं: 'कस्टम क्यू, १ नग'. लांबी नाही, टिपेचं माप नाही, लाकूड नाही, जीएसटी नंबर नाही. तुम्ही घेताना एवढं सगळं पक्क्या बिलावर लिहूनच घ्या, आणि कापलेला नाही हेही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार टाकलीय. यूपीआयने पैसे दिल्याची नोंद आणि मार्करकाकांनी व्हर्नियर लावलेला फोटो जोडलाय. दुकानदाराने अर्धे पैसे देऊ केले, स्टिक परत करायच्या अटीवर. स्टिक दिलेली नाही. दिली तर तीच दुसऱ्या कुणाच्या पोराच्या उंचीला बसेल.