प्रवाळ की दांडगे मासे? स्वप्नातली खाऱ्या पाण्याची टाकी

पैशाची चिंता नाही, असं धरून चालू. दिवाणखान्यात 2000 लिटरची टाकी. तिच्यात जिवंत प्रवाळ वाढवायचे, की नुसते मोठे मासे सोडायचे?

दिसायला प्रवाळ सरस, वादच नाही. निळ्या दिव्याखाली ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाची टोकं जांभळी-हिरवी चमकतात. पण लाड फार! तापमान 25 अंशांच्या आसपास, म्हणजे मुंबईत चिलरला, पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राला, सुट्टी नाही. कॅल्शियम साधारण 420 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), क्षारता, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, स्थिर. जरा हेलकावा बसला की फांद्या पांढऱ्या पडतात. हे सगळं पैशाने जमेल. कायद्याचं काय? भारतात दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. आपल्या समुद्रातून काढलेला तुकडा घरात ठेवणं गुन्हा, मग तुम्ही कोट्यधीश का असेना.

माशांच्या टाकीत ही भानगड नाही. एम्परर एंजलफिश पोरवयात गडद निळा, अंगावर पांढरी वर्तुळं. वाढताना ती पुसली जाऊन पिवळे पट्टे उमटतात. लांबी जाते 40 सेंमीपर्यंत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तांब्याचं औषध देता येतं. प्रवाळांना ते विषच. हां, ट्रिगरफिश शिंपले कडाकडा फोडून खातो नि घाणही तेवढीच करतो, त्यामुळे प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, दणकट हवा.

माझं मत माशांना. मात्र दोन्हींत नुसतं पाणीच दोन टनांच्या वर भरतं, त्यामुळे पहिला फोन स्ट्रक्चरल इंजिनिअरला.