‘हॅलोवीन’ की ‘आय स्टिल नो’? शनिवारी रात्री कोणता लावाल

ठाण्यात कुणाच्या तरी हॉलमध्ये चार-पाच जण जमलेत, स्लॅशर, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट, बघायचं ठरलंय आणि गाडी दोन नावांवर अडलीय: जॉन कार्पेंटरचा १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ आणि डॅनी कॅननचा १९९८ सालचा ‘आय स्टिल नो व्हॉट यू डिड लास्ट समर’. दुसरा वीस वर्षांनी नवा, चकचकीत आणि बहामा बेटांवर घडणारा, म्हणून हात त्याच्याकडे जातो. पण भीती हवी असेल तर ‘हॅलोवीन’च लावा.

फरक कुठे पडतो ते एका प्रसंगात दिसतं. ‘हॅलोवीन’मध्ये लिंडा पलंगावर बसलीय. दारात पांढरी चादर पांघरून, वर चष्मा लावून कुणीतरी उभं आहे. तिला वाटतं, मित्र चेष्टा करतोय. त्या मित्राचा खून आपण नुकताच पाहिलाय. ती बोलत राहते, चिडते, पाठ फिरवून फोन लावते. चादरीआडून फक्त श्वास ऐकू येतो. आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही, एवढ्यावरच जीव टांगणीला लागतो. रक्त या सिनेमात जवळजवळ नाहीच.

‘आय स्टिल नो’मध्ये नायिका ज्युली कराओके गातेय आणि पडद्यावरचे शब्द बदलून सिनेमाचं नावच झळकतं. आपण आणि ती एकाच क्षणी दचकतो, आणि तिथेच सगळं संपतं. खुन्याने ते मशीनमध्ये घातलं कसं, ज्युली नेमकी त्याच वेळी गाणार हे त्याला कळलं कसं, याची सिनेमाला फिकीर नाही. पुढे ती टॅनिंग बेडमध्ये, म्हणजे त्वचा सावळी करायच्या झाकणाच्या दिवेवाल्या यंत्रात, कोंडली जाते. मित्र धावत येतात, झाकण उघडायला झटापट करतात, पण आधी मशीन बंद करावं हे कुणालाच सुचत नाही. अशा वेळी प्रेक्षक घाबरत नाही, वैतागतो.

सगळ्यात मोठं भोक तर सुरुवातीलाच आहे. बहामाची सहल मिळते ती रेडिओवरच्या प्रश्नाचं उत्तर देऊन: ब्राझीलची राजधानी कोणती? मुली सांगतात रिओ, आणि बक्षीस लागतं! राजधानी १९६० पासून ब्रासिलिया आहे, हे स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणारं पोरही सांगेल. सिनेमाने हा धागा मुद्दामच पेरलाय, पण त्यामुळे जाणत्या प्रेक्षकाला सापळा तिथेच कळतो आणि कॉलेजातल्या मुलांना तो कळेपर्यंत आपण ताटकळत बसतो. शिवाय चौघांची सहल जमवून माणसं मारायची, ही खुन्याची योजनाच पटत नाही.

तर्काच्या बाबतीत ‘हॅलोवीन’ही निर्दोष नाही. सहाव्या वर्षापासून पंधरा वर्षं मनोरुग्णालयात डांबलेला खुनी मायकल गाडी चालवायला शिकला कधी? पण इथली भीती त्या उत्तरावर टेकलेली नाही, म्हणून ते खपून जातं.

‘हॅलोवीन’ लावणार असाल तर टीव्हीवर ‘झूम’ करू नका, वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्या. चित्राची चौकट २.३५ : १ अशी रुंद आहे आणि मायकल बऱ्याचदा तिच्या कडेला उभा असतो. चित्र कापलं तर तोच कापला जाईल. हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं टीव्हीचं मोशन स्मूदिंगही बंद करा. संगीत कार्पेंटरचंच आहे. पाचच्या मोजणीतला ठेका, चारची सवय असलेल्या कानाला तो स्वस्थ बसू देत नाही. घर घोडबंदर रोडला लागून असेल तर खिडक्या लावून घ्या, नाहीतर ट्रकच्या आवाजात तो श्वास बुडेल आणि चादरीचा प्रसंग फुकट जाईल. लहान मुलं जागी असतील तर दोन्ही नकोत.

तरीही कुणाचा हट्ट ‘आय स्टिल नो’चाच असेल, तर आधी १९९७ चा पहिला भाग बघावा लागेल, त्याशिवाय हुक घेऊन फिरणारा खुनी बेन विलिस ज्युलीच्या मागे का लागलाय हे नीट कळत नाही. म्हणजे दोन्ही मिळून सव्वातीन तासांच्या पुढे. ‘हॅलोवीन’ ९१ मिनिटांचा आहे. साडेआठला सुरू केलात तर दहाच्या सुमारास संपतो आणि वाशी-नेरुळला परतणाऱ्यांना निवांत लोकल मिळते.