हीटेड लायनर आणि ग्लोव्ह्ज: थंडीचा अख्खा मोसम वापरल्यानंतर

बाईकच्या बॅटरीवर तापणारं १२ व्होल्टचं हीटेड लायनर (रायडिंग जॅकेटच्या आत घालायचं पातळ जॅकेट), ग्लोव्ह्ज आणि इनसोल (बुटाच्या आतला तळवा) असा पूर्ण संच थंडीभर वापरल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. बजेट मर्यादित असेल तर आधी लायनर घ्या, ग्लोव्ह्ज नंतर. बोटं बधिर होतात ती नुसत्या हँडलवरच्या वाऱ्यानं नव्हे. छाती-पोट गार पडायला लागलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करतं, आणि मग ग्लोव्ह्ज कितीही तापवले तरी पुरे पडत नाहीत. उलट छाती आणि पाठ उबदार असेल तर ५-६ अंशांतही साधे हिवाळी ग्लोव्ह्ज बराच वेळ साथ देतात.

खरेदीआधी बाईकचा हिशेब मांडा. लायनर साधारण ७५ ते १०० वॉट घेतं, ग्लोव्ह्जची जोडी २५-३०, इनसोल २० च्या आसपास. लहान सिंगल सिलिंडर बाईकचा स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, एकूण २०० वॉटच्या आसपासच देतो, आणि त्यातला मोठा वाटा हेडलाइट, इग्निशन, फ्युएल पंप यांतच जातो. अशा बाईकवर पूर्ण संच फुल ठेवणं जमणार नाही. खात्री करायची तर सगळं चालू करून ३००० आरपीएमला बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. १३.५ व्होल्टच्या वर असेल तर निर्धास्त राहा. १३ च्या खाली घसरत असेल तर कमी पडणारा करंट बॅटरीतून जातोय. आयडलिंगला स्टेटर आणखी कमी देतो, म्हणून ट्रॅफिकमध्ये कंट्रोलर (ऊब कमी-जास्त करायचं बटण) लो वर.

वायरिंग थेट बॅटरीवरून घ्या. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलच्या अगदी जवळ, लायनर-ग्लोव्ह्जला १५ अँपिअरचा, आणि वायर किमान १.५ चौरस मिमीची. मोबाईल चार्जिंगच्या सॉकेटवर हे चालत नाही. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: १४ ऐवजी १२.२ व्होल्ट मिळाले तर ऊब जवळजवळ पाव भाग कमी. ‘लायनर नीट तापत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा.

या सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे लायनरची वायर बाईकच्या वायरला जोडणारी गोल कोॲक्स पिन. ती सैल बसली की तिथेच रोध वाढतो, पिन तापते, प्लास्टिक मऊ पडतं. वीसेक मिनिटं फुल चालवून पिनला बोट लावून बघा. चटका बसत असेल तर सॉकेट लगेच बदला. कनेक्टर मात्र ओढल्यावर सहज सुटणाराच हवा, क्लिपनं अडकवू नका. पडल्यावर बाईकपासून मोकळं होता आलं पाहिजे.

अंगावर आधी पातळ फुल बाह्यांचं थर्मल, त्यावर अंगाला चिकटून बसणारं लायनर, वर वारा अडवणारं जॅकेट. लायनरच्या आत जाड स्वेटर घातला तर ऊब अंगापर्यंत पोचतच नाही. उघड्या त्वचेवर कधीच घालू नका. मध्यम तापमानही तासन्‌तास एकाच जागी लागलं तर भाजतं, आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांना ते कळतही नाही. निघताना फुल, नंतर ३०-४० टक्के. घाम येईपर्यंत तापवू नका, ओलं थर्मल पुढे जास्त काकडवतं.

ग्लोव्ह्ज हाताची मागची बाजू आणि बोटं तापवतात, हीटेड ग्रिप्स (हँडलच्या तापणाऱ्या मुठी) तळवा. दोन्ही असतील तर उत्तमच. स्वतःची ७.४ व्होल्टची बॅटरी असलेल्या ग्लोव्ह्जमध्ये २२०० एमएएच म्हणजे जेमतेम १६ वॉट-तास ऊर्जा असते. फुलवर दोन तास धरून चाला, कडाक्याच्या थंडीत त्याहून कमी. रोजच्या ये-जा करण्याला ठीक, लांबच्या राइडला नाही.

बिघाड बहुतेक मनगटाशी होतो, जिथून वायर बाहेर येते. वायर धरून ग्लोव्ह ओढला की आतली तार तुटत जाते. मनगट वाकवल्यावर ऊब येत-जात असेल तर ओळखा. लायनर तपासायचं तर कंट्रोलर काढून थेट पिनवर रोध मोजा. ९० वॉटच्या लायनरला तो २ ओहमच्या आसपास हवा. बराच जास्त दिसला तर आतलं एखादं तापणारं पॅनल गेलंय. हातानं धुवा, पिळू नका, आडवं पसरून वाळवा, आणि घडी न घालता हँगरला लावून ठेवा.

इनसोल मात्र पुन्हा घेणार नाही. पँटमधून वायर खाली नेणं दर वेळची कटकट, आणि वारा न शिरणारे बूट व लोकरीचे मोजे असतील तर फरक थोडाच पडतो.