लढाईआधीचे संरक्षक मंत्र: हाताने, बटणाने की अटीवर?

‘पाथफाइंडर: रॅथ ऑफ द राइटियस’ हा आउलकॅट गेम्सचा २०२१ सालचा व्हिडिओ गेम नव्याने हाती घेणाऱ्याला राक्षसांचा त्रास होतोच, पण त्याहून अधिक जाच होतो तो राक्षसांना भिडण्याआधीच्या तयारीचा. सहा जणांची तुकडी आणि प्रत्येकावर चार-पाच संरक्षक मंत्र, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत ‘बफ’, असा हिशेब धरला तरी पंचवीस-तीस वेळा मंत्र निवडून लक्ष्यावर टिचकी मारावी लागते. आणि एवढे करून झालेली लढाई पुष्कळदा दोन-तीन फेऱ्यांत, म्हणजे अठरा सेकंदांच्या आत, आटोपते. हे काम स्वतः करावे, मॉडवर (म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या पूरक प्रोग्रामवर) सोपवावे, की खेळातल्याच एखाद्या सोयीने त्याची गरज कमी करावी, हा निर्णय सुरुवातीलाच घेतलेला बरा, कारण त्यावर पात्रांची बांधणी अवलंबून असते.

हाताने मंत्र टाकण्याची बाजू प्रथम मांडतो, कारण तिची उपेक्षा फार होते. मंत्रांच्या मुदती सारख्या नसतात. दहाव्या पातळीच्या जादूगाराचे ‘मेज आर्मर’ दहा तास टिकते, ‘बार्कस्किन’ शंभर मिनिटे, ‘शील्ड’ दहा मिनिटे आणि ‘हेस्ट’ दहा फेऱ्या, म्हणजे जेमतेम एक मिनिट. शिवाय एकाच प्रकारचे दोन बोनस सहसा एकमेकांत मिळवले जात नाहीत, त्यांतला मोठा तेवढा लागू होतो. अंगभर पोलादी चिलखत घातलेल्या योद्ध्यावर टाकलेले ‘मेज आर्मर’ त्यामुळे वाया जाते, कारण दोन्ही चिलखताचाच बोनस देतात, आणि बोटात +२ डिफ्लेक्शन (वार चुकवणारा बोनस) देणारी अंगठी असताना ‘शील्ड ऑफ फेथ’चे त्याच प्रकारचे +२ मिळाले तर आर्मर क्लास, म्हणजे वार न लागू देण्याचा आकडा, जिथल्या तिथे राहतो. हे ज्ञान हाताने मंत्र टाकतानाच अंगवळणी पडते. ज्याने ते कधी केलेले नाही त्याच्या स्वयंचलित यादीत असे निरुपयोगी मंत्र महिनोन्महिने मुक्काम ठोकून बसतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

मॉडचा मार्ग सर्वांत लोकप्रिय आहे. ‘बबलबफ्स’ हा मॉड स्पेलबुकाच्या, म्हणजे पात्राच्या मंत्रसंग्रहाच्या, पडद्यावरच स्वतःची यादी उघडतो. कोणता मंत्र कोणावर पडावा हे तेथे एकदा ठरवून दिले, आणि मंत्र नेहमीचे, महत्त्वाचे व झटपट अशा गटांत विभागले, की पुढे एका बटणावर सारा गट लागू होतो. दीर्घ मुदतीचे मंत्र सकाळी मुक्काम हलवताना टाकायच्या गटात आणि ‘हेस्ट’सारखे अल्पजीवी मंत्र दार उघडण्याआधीच्या गटात ठेवले, तर या विभागणीचे चीज होते. मॉड मंत्र फुकट देत नाही, स्पेलबुकातले खरे स्लॉटच, म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधीच, खर्च करतो, म्हणून याला फसवेगिरी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र त्याच कारणाने बटण सैल हाताने दाबणे महागात पडते. स्लॉट परत मिळवायला विश्रांती घ्यावी लागते आणि या खेळात उघड्या रानात वारंवार विश्रांती घेतली की तुकडीवर ‘करप्शन’ हा तिला कमकुवत करणारा दोष साचत जातो. दोन फुटकळ शत्रूंसाठी पूर्ण गट उधळणाऱ्याला हा हिशेब उशिरा समजतो. हा मार्ग संगणकापुरताच आहे, कन्सोलवर खेळणाऱ्याला तो उपलब्ध नाही, हेही ध्यानात ठेवावे. आणि कोणत्याही मॉडप्रमाणे, मूळ खेळाची नवी आवृत्ती आली की तो काही काळ रुसून बसू शकतो. माझ्याकडे एकदा ऐन मोहिमेच्या मध्यावर असे झाले आणि चार दिवस पुन्हा टिचक्या मारत बसावे लागले.

खेळाच्या आतला उपाय म्हणजे ‘एन्ड्युअरिंग स्पेल्स’ ही मिथिक क्षमता, म्हणजे पात्राच्या नेहमीच्या पातळीहून वेगळ्या ‘मिथिक’ प्रगतीत निवडता येणारी खास शक्ती. ती घेतलेल्या पात्राने स्वतःच्या स्पेलबुकातून साथीदारांवर टाकलेला आणि एक तासाहून अधिक टिकणारा मंत्र थेट चोवीस तास टिकतो. तिची पुढची पायरी, ‘ग्रेटर एन्ड्युअरिंग स्पेल्स’, घेतली की हीच मर्यादा पाच मिनिटांवर येते, म्हणजे वर उल्लेखलेले दहा मिनिटांचे ‘शील्ड’ही दिवसभराचे होते. ‘हेस्ट’ मात्र कितीही केले तरी बाहेरच राहते, कारण विसाव्या पातळीलाही त्याची मुदत दोनच मिनिटे असते. किंमत अशी की प्रत्येक मंत्रकाराने ही क्षमता वेगळी घ्यावी लागते, दोन्ही पायऱ्या मिळून दोन मिथिक क्षमता जातात, आणि त्या मुळातच मोजक्या असतात.

या दोन मार्गांची सरळ तुलना केली तर मॉड टिचक्या वाचवतो पण स्लॉटचा खर्च तसाच ठेवतो. मिथिक क्षमता टिचक्या आणि स्लॉट दोन्ही वाचवते, पण पात्राच्या मारक शक्तीतून त्याची वसुली करते. शत्रूने ‘डिस्पेल मॅजिक’ टाकून कवच उतरवले तर चोवीस तासांची मुदत कामी येत नाही. तेव्हा स्लॉट शिल्लक असतील तर मॉडचे बटणच उपयोगी पडते. दोन्ही एकत्र वापरण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि बहुतेक मुरलेले खेळाडू तेच करतात.

‘बाल्डर्स गेट २’ या जुन्या खेळाने हाच प्रश्न २००० सालीच निराळ्या रीतीने हाताळला होता. तेथे बटण नाही, अट आहे. सहाव्या स्तराचा ‘कंटिन्जन्सी’ मंत्र एक मंत्र पोटात ठेवतो आणि शत्रू दिसला, आघात झाला किंवा आरोग्य निम्म्यावर आले, अशी नेमून दिलेली घटना घडली की तो आपोआप सोडतो. ठेवायच्या मंत्राचा स्तर जादूगाराच्या पातळीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त चालत नाही, म्हणून बाराव्या पातळीला चौथ्या स्तराचे ‘स्टोनस्किन’ नेमके बसते. नवव्या स्तराचा ‘चेन कंटिन्जन्सी’ असेच तीन मंत्र सांभाळतो. आदल्या रात्री मंत्र साठवून मग विश्रांती घेतली की खर्चलेले स्लॉट सकाळी भरून येतात आणि साठवलेले मंत्र वर शिल्लक राहतात. स्वयंचलनाच्या या साऱ्या प्रकारांत मला हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते, कारण ती जादूच्या नियमांतूनच उगवलेली आहे. परंतु ती एकट्या जादूगाराला वाचवते, सहा जणांची तुकडी सजवत नाही.

ज्याला या सगळ्याचाच कंटाळा आहे त्याने ऑब्सिडियनचा २०१५चा ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ पाहावा. तेथे बहुतेक मंत्र लढाई सुरू झाल्यावरच टाकता येतात, त्यामुळे आधीच्या तयारीचा प्रश्नच उरत नाही.

‘रॅथ’ संगणकावर आणि ‘कोअर’ किंवा त्याहून वरच्या काठिण्यावर खेळणार असाल, तर पात्रांच्या पहिल्या पाच-सहा पातळ्या हाताने काढाव्यात, नंतर मॉड घालावा आणि सर्वाधिक बफ टाकणाऱ्या एकाच साथीदाराला ‘एन्ड्युअरिंग’च्या दोन्ही पायऱ्या द्याव्यात. कन्सोलवर असाल तर तशा दोन साथीदारांना द्याव्यात. सोप्या काठिण्यावर खेळणाऱ्याने ‘मेज आर्मर’, ‘बार्कस्किन’ आणि लढाईच्या तोंडावर ‘हेस्ट’ एवढ्यावर भागवावे. त्यासाठी मॉड बसवण्याचीही गरज नाही.