पाचपैकी साडेतीन, आणि ते दारातल्या बाईंचे

आजाऱ्यांसाठी दर बुधवारी होणाऱ्या एका प्रार्थनासभेला मी चार आठवडे गेले. मी ख्रिस्ती नाही. तोंडावर आणि हातांवर कोड आहे, मैत्रीण मागेच लागली म्हणून गेले. दारात उभ्या असलेल्या बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. कोड लागत नाही हे पक्कं माहीत असलेले लोकसुद्धा सुट्टे पैसे माझ्या तळव्यावर वरून टाकतात, म्हणून हे आधी लिहिलं.

पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, चांगले बोलतात, मुख्य म्हणजे थोडक्यात. पहिल्या दिवशी बायबलमधल्या मार्कच्या पहिल्या अध्यायातला कुष्ठरोगी होता. येशूनं आधी हात पुढे करून त्याला स्पर्श केला, बरं केलं ते नंतर, या क्रमावर ते थांबले. घरी येऊन मी लेवीय १३ काढलं, म्हणजे बायबलमधल्या मोशेच्या नियमांच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय. असा रोगी फाटक्या कपड्यांत ‘अशुद्ध, अशुद्ध’ ओरडत छावणीबाहेर राहायचा. मूळ हिब्रू शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाही. त्यात कापडावरचे आणि भिंतीवरचे डागही येतात. गंमत म्हणजे त्याच अध्यायात, अंगावर नुसते फिकट पांढरे डाग असतील तर तो माणूस शुद्ध, असंही आहे. म्हणजे मोशेच्या नियमानं मी बहुधा छावणीतच राहिले असते. आमच्या नात्यातल्या लग्नांत मात्र मला मागच्या रांगेत बसवतात.

प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर हात ठेवतात, कपाळाला तेल लावतात. आधी विचारतात, नको म्हटलं तर आग्रह नाही. धर्म कुणी विचारला नाही.

आता तक्रार. तिसऱ्या बुधवारी साक्षीची, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायची वेळ आली, माईक माझ्यापुढे धरला आणि ‘काय फरक पडला?’ डाग होते तिथेच होते, तसं सांगितलं. मागून एक काका म्हणाले, ‘विश्वास कमी पडतोय.’ पाळकांनी ऐकलं, पण काही बोलले नाहीत. एक गुण तिथेच गेला. गोळ्या बंद करा असं मात्र कुणी म्हणालं नाही, हे त्यांच्या बाजूनं.

चौथ्या बुधवारी लूक १७ होतं. दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकटा परत आला, तो शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ परत आले नाहीत, तरी बरे झाले होतेच. त्यांचा विश्वास कुणी मोजला नव्हता. मी मागे वळून काकांकडे पाहिलं. ते डोळे मिटून बसले होते.

डाग जावेत म्हणून जाणार असाल तर मला सांगण्यासारखं काही नाही. खुर्च्या फार जवळजवळ आहेत, पंख्याचा आवाज होतो. पुढच्या बुधवारी मी जाणार आहे, माईक फिरायच्या आत उठेन.